लक्ष्यांच्या यादीतलं जुबैल



या व्याख्यानमालेत दरवर्षी एक तरी व्याख्यान संरक्षण किंवा परराष्ट्र धोरणावर व्हावं, असा ज्यांच्या नावे ती चालते त्या गुरुजींचा आग्रह असे, हे संयोजकांनी मला निमंत्रण देतानाच सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यात हा आग्रह मला अगदी रास्त वाटतो. इथल्या वाडीवाडीतली माणसं कुवेत, दम्माम, जुबैल, दोहा इथं कामाला आहेत. आखातात काही पेटलं की इथली आई रात्रभर फोन हातात धरून बसते. तेव्हा आजचा विषय दिल्लीतल्या तज्ज्ञांचा आहे, आपला नाही, असं कृपा करून समजू नका.

विषय असा आहे. ज्या देशाकडे अण्वस्त्रं आहेत, त्याने ती कशावर टाकायची याची आखणी आधीच केलेली असते. ही आखणी एकच, सरसकट असावी, की राज्यकर्त्याच्या हाती लहान-मोठे अनेक पर्याय असावेत? आधी लष्करी तळ, मग कारखाने, शहरं राखून ठेवायची, अशी मुभा असावी का? गेली साठ-पासष्ट वर्षं या प्रश्नावर वाद चालू आहे. मी तो जुबैलवरून मांडणार आहे. कारण हा वाद नकाशावर फार नीटनेटका दिसतो आणि जुबैलसारख्या गावात उतरला की त्याचे धागे सुटू लागतात.

जुबैल इथं बसलेल्या अनेकांनी पाहिलेलं आहे. आखाताच्या काठावरचं हे मासेमारीचं आणि मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव. 1973 च्या तेलसंकटानंतर सौदी अरेबियाच्या हाती अफाट पैसा आला आणि 1975 मध्ये जुबैल व यान्बू यांच्यासाठी शाही आयोग नेमला गेला. तोवर तेलविहिरींवर जळून वाया जाणारा वायू वापरायचा आणि त्यातून खत, मिथेनॉल, प्लास्टिकचा कच्चा माल, पोलाद तयार करायचं, असा बेत होता. बेक्टेल या अमेरिकी कंपनीने आखणी केली, 1976 मध्ये साबिक स्थापन झाली आणि वाळवंटात जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक नगरींपैकी एक उभी राहिली. ती उभारायला जे हात लागले त्यात आपले वेल्डर होते, फिटर होते, पाइपफिटर आणि मचाण बांधणारे होते. जुबैलला व्यापारी बंदर आहे, औद्योगिक बंदर आहे, सौदी नौदलाचा तळ आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा प्रचंड प्रकल्प आहे आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर लांब नळांनी राजधानी रियाधला पाणी जातं. अमेरिकी वकिलातीच्या 2008 च्या एका गोपनीय तारेत, जी पुढे विकिलीक्समुळे जगासमोर आली, असा अंदाज होता की रियाधचं नव्वद टक्क्यांहून अधिक पिण्याचं पाणी या एका प्रकल्पातून येतं आणि तो उद्ध्वस्त झाला तर आठवड्याभरात राजधानी रिकामी करावी लागेल.

म्हणजे एका गावात बंदर, नौदल, तेल, रसायनं आणि लाखो माणसांचं पाणी. हे सगळं काही किलोमीटरांच्या पट्ट्यात.

आता फेब्रुवारी 1991. सद्दाम हुसेनने कुवेत गिळंकृत केल्यावर ऑगस्ट 1990 मध्ये अमेरिकी मरीन सैनिक पहिल्यांदा जिथं मोठ्या संख्येने उतरले, ते बंदर जुबैलचं. दिएगो गार्सिया बेटावरून रणगाडे आणि दारूगोळा भरलेली जहाजं थेट तिथं आली. 16 फेब्रुवारीच्या पहाटेआधी इराकने जुबैलवर एक स्कड क्षेपणास्त्र डागलं. ते धक्क्याजवळच्या पाण्यात पडलं. धक्क्याला टारावा ही युद्धनौका आणि इतर जहाजं लागलेली होती, जवळच तोफगोळ्यांचा साठा होता. स्फोट झाला नाही. पुढे पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांनी त्याचे अवशेष तळातून वर काढले. नऊ दिवसांनी, 25 फेब्रुवारीला, दक्षिणेकडे धाहरानजवळ दुसरं स्कड एका बराकीवर पडलं आणि 28 अमेरिकी सैनिक ठार झाले. तिथल्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ शंभर तास सलग चालून सेकंदाच्या एक तृतीयांशाने चुकलं होतं, एवढ्यावरून ते क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही.

इराकी स्कडची कथा ध्यानात घ्या. मूळ सोव्हिएत क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे तीनशे किलोमीटर. इराकी तंत्रज्ञांनी वजन घटवून आणि इंधन वाढवून तो दुप्पट केला, पण त्यात नेम गेला. डागणाऱ्याच्या मनात दारूगोळ्याचा धक्का असेल, नौदलाचा तळ असेल किंवा नुसतं जुबैल असेल. खाली राहणाऱ्याला त्यातला फरक कळण्याचा मार्ग नव्हता. कामगारांच्या वसाहतीत भोंगे वाजले, वायुमुखवटे वाटले गेले, आणि सगळ्यांच्या तोंडी ही भीती होती की याच्या टोकाला विषारी वायू असेल. स्फोटकाच्या जागी अणुबाँब असता तर काहीशे फुटांची ती चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

इथून मी लक्ष्यांच्या वादाकडे येतो.

अमेरिकेची पहिली एकत्रित अण्वस्त्र योजना 1960 च्या अखेरीस तयार झाली. पूर्ण सज्जता असेल तर तीन हजारांहून अधिक बाँब एका झपाट्यात सोव्हिएत संघ, पूर्व युरोप आणि चीन यांवर टाकायचे, अशी ती होती. चीन त्या युद्धात नसला तर काय, असा प्रश्न निघाला तेव्हा योजनेत त्याला वेगळं काढण्याची सोयच नाही असं उत्तर मिळालं. त्या बैठकीत एकट्या मरीन दलप्रमुखाने, जनरल डेव्हिड शूप यांनी, उभं राहून सांगितलं की ज्या लढाईत चीन नाही तिथं कोट्यवधी चिनी मारणारी योजना चांगली असू शकत नाही. याच दलाचे सैनिक तीस वर्षांनी जुबैलला उतरले. शूप यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. दालनात सगळे वरिष्ठ मान डोलवत असताना बोलणं सोपं नसतं.

तेव्हा सरसकट योजनेविरुद्धची तक्रार खरी होती, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी जून 1962 मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बर इथं जाहीर भाषणात सांगितलं की अणुयुद्धातही मुख्य लक्ष्य शत्रूचं सैन्य असावं, त्याची शहरं नव्हेत. बारा वर्षांनी, जानेवारी 1974 मध्ये, तेव्हाचे संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांनी हाच विचार पुढे नेला आणि अध्यक्ष निक्सन यांनी मर्यादित पर्याय तयार करण्याच्या आदेशावर सही केली. श्लेसिंजर यांचा प्रश्न वजनदार होता. शत्रूने एखादाच लष्करी तळ उडवला, तर आपल्या अध्यक्षासमोर शरणागती आणि सर्वनाश एवढे दोनच रस्ते का असावेत? त्याला मधले रस्ते द्या. ते असतील तर धमकी खरी वाटेल, आणि धमकी खरी वाटली तर युद्धच होणार नाही. जानेवारी 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केलं की इराणच्या आखातावर ताबा मिळवण्याचा बाहेरच्या शक्तीचा प्रयत्न अमेरिका लष्करी बळानेही परतवेल, आणि त्याच वर्षी 25 जुलैला लक्ष्यनिवडीत आणखी मुभा देणाऱ्या गुप्त आदेशावर सही केली. आखाताचं रक्षण आणि अण्वस्त्रांचे मधले रस्ते, हे दोन्ही एकाच अध्यक्षाच्या टेबलावर एकाच वर्षी होते.

हा मधला रस्ता प्रत्यक्षात आखायला बसल्यावर काय होतं? फ्रेड कॅप्लन या अभ्यासू पत्रकाराने लिहिलेली हकिगत आपल्याच परिसराची आहे. सोव्हिएत सैन्य इराणमध्ये घुसलं तर एक मर्यादित अण्वस्त्र पर्याय द्या, असं निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी सेनाधिकाऱ्यांना सांगितलं. काही आठवड्यांनी ते योजना घेऊन आले: इराणच्या सीमेलगतचे सोव्हिएत विमानतळ आणि छावण्या यांवर जवळजवळ दोनशे अणुबाँब. किसिंजर संतापले, याला मर्यादित म्हणता का? मग ते दुसरी योजना घेऊन आले: एक अणुसुरुंग आणि दोन बाँब, इराणकडे जाणारे रस्ते उडवायला. त्यावर किसिंजर म्हणाले, एवढ्याने सोव्हिएत नेत्यांना आपण कचरतो असंच वाटेल. अधिकारी मूर्ख नव्हते. लष्करी काम फत्ते व्हायला जेवढे बाँब लागतात तेवढ्यांत लाखो माणसं मरतात. माणसं वाचतील एवढे कमी बाँब टाकले तर लष्करी काम होत नाही. मधला रस्ता कागदावर आखता आला नाही याचं कारण भूगोलात आहे.

तीच गोष्ट पुढे कुवेतच्या युद्धाच्या वेळी पुन्हा घडली, आणि या वेळी वाळवंटात. इराकच्या सैन्यावर लहान अणुबाँब वापरायचे झाले तर किती लागतील हे पाहून ठेवा, असं संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल कॉलिन पॉवेल यांना सांगितलं. पॉवेल यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की वाळवंटात पांगलेल्या एकाच चिलखती डिव्हिजनला जबर मार बसायलाही लहान बाँब बरेच लागतील, असं उत्तर निघालं. त्यांनी ते चेनींना दाखवलं आणि कागद नष्ट करायला लावले. देशाच्या सर्वोच्च लष्करी पदावरच्या सेनानीला ते उत्तर पाहून अस्वस्थ वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. वाळवंट म्हणजे या शस्त्राला सर्वांत सोयीची जागा. तिथं गाव नाही, शाळा नाही. तिथंही हिशेब बसला नाही.

आणि मृत्यूंचा अंदाज? श्लेसिंजर यांच्या खात्याने सिनेटपुढे मर्यादित हल्ल्यातल्या बळींचे आकडे सुरुवातीला फार कमी सांगितले. सिनेटच्या आग्रहावरून हिशेब पुन्हा तपासला तेव्हा ते कित्येक पटींनी वाढले. 1979 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने अहवाल काढला. शहरांना हातही न लावता केवळ क्षेपणास्त्रांच्या भूमिगत कोठारांवर हल्ला झाला, तरी किरणोत्सारी धुळीमुळे मरणाऱ्यांचा कमाल अंदाज दोन कोटींपर्यंत होता. या अंदाजांत एवढी मोठी तफावत का? वारा कुठून वाहतो, बाँब हवेत फुटतो की जमिनीवर, लोक किती दिवस घरात राहतात, एवढ्यावरून. नेम अचूक असला तरी वाऱ्याला नेम नसतो.

आता मुंबईकडे या. नकाशावर तुर्भे पाहा, ज्याला आपण ट्रॉम्बे म्हणतो. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आपल्या अण्वस्त्रांचं प्लुटोनियम ज्या अणुभट्ट्यांत तयार झालं त्या आहेत. शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने, राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना, टाटांचं वीजकेंद्र. समोर जवाहर द्वीपाची तेलबंदराची जेट्टी, खाडीपलीकडे न्हावा शेवा. थोडं दक्षिणेला माझगाव गोदी आणि पश्चिम नौदलाचं मुख्यालय. आणि या सगळ्याच्या मधे चेंबूर, मानखुर्द, गोवंडी, वाशी. कुणी शत्रू नियोजक प्रामाणिकपणे म्हणेल की मी फक्त लष्करी लक्ष्यावर नेम धरला, शहर टाळलं. मानखुर्दच्या चाळीतल्या माणसाला त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग? जुबैल आणि तुर्भे, दोन्हीकडे लष्करी लक्ष्य आणि वस्ती वेगळी काढता येत नाहीत. लवचिक लक्ष्यनिवडीचा सगळा डोलारा त्या वेगळं काढण्यावर उभा आहे.

आपल्या देशाची भूमिका काय? ऑगस्ट 1999 मध्ये मसुदा आला आणि 4 जानेवारी 2003 रोजी सरकारने अधिकृत निवेदन दिलं. आपण अण्वस्त्रं प्रथम वापरणार नाही. पण आपल्यावर किंवा आपल्या सैन्यावर, कुठेही, ती वापरली तर प्रत्युत्तर प्रचंड असेल, शत्रूला न सोसणारं असेल. आदेश फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालचं राजकीय मंडळ देईल. यावर पुढे टीका झाली, आणि तिला आधार आहे. एप्रिल 2011 मध्ये पाकिस्तानने साठ किलोमीटर पल्ल्याच्या नस्र क्षेपणास्त्राची चाचणी केली. उद्या त्यांच्याच भूमीवर आपल्या रणगाड्यांच्या तुकडीवर असं लहान अस्त्र पडलं, तर त्यासाठी आपण लाहोर-कराची जाळू, यावर कोण विश्वास ठेवील, असा प्रश्न अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी विचारला. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर 2016 मध्ये, प्रथम वापर न करण्याच्या वचनाने आपण स्वतःला का बांधून घ्यावं, असं वैयक्तिक मत म्हणून बोलले होते. या सगळ्या सूचनांचा रोख एकच आहे: आपल्यालाही श्लेसिंजरचे मधले रस्ते हवेत.

मला हे पटत नाही, आणि का ते नीट सांगतो. मधले रस्ते हवेत तर अचूक क्षेपणास्त्रं जास्त लागतात, अण्वस्त्रं जास्त लागतात, शत्रूची फिरती क्षेपणास्त्रं या क्षणी कुठं आहेत याची पक्की खबर लागते. ही खबर किती अवघड असते ते 1991 ने दाखवलं. आकाश पूर्ण ताब्यात असताना, हजारो उड्डाणं हाताशी असताना, इराकचा एकही फिरता स्कड प्रक्षेपक नक्की नष्ट झाल्याचा पुरावा अमेरिकी हवाई दलाच्या स्वतःच्या पाहणीला सापडला नाही. आणि आपण ही तयारी करतोय हे दिसलं की समोरचा काय समजेल? भारत आपली अण्वस्त्रं पहिल्या फटक्यात उडवायच्या तयारीत आहे, असं. मग तो ती मोकळी करून, लवकर डागण्याच्या बेताने ठेवील. अमेरिका आणि रशिया यांच्यामध्ये निदान अर्धा तास असतो. कराची आणि मुंबईमध्ये दहा मिनिटंही नसतील. एवढ्या वेळात भोंगा खरा की खोटा हे ठरत नाही, तिथं लहान-मोठ्या पर्यायांची यादी कोण चाळणार?

लवचिकता मलाही हवी आहे. ती वेळेत हवी. समुद्राखाली पाणबुडी सुरक्षित असेल, अरिहंतने 2018 मध्ये पहिली गस्त पूर्ण केली तशा आणखी असतील, तर पंतप्रधानाला दहा मिनिटांत उत्तर द्यायची सक्ती राहत नाही. तो एक दिवस थांबू शकतो, एक आठवडा थांबू शकतो, हल्ला खरंच कुणी केला याची खात्री करू शकतो, जगाशी बोलू शकतो. काहीच न डागण्याचा निर्णयही त्याच्या हाती राहतो. 1991 मध्ये सौदी अरेबियाकडे चीनकडून घेतलेली लांब पल्ल्याची डीएफ-3 क्षेपणास्त्रं होती. रियाध, धाहरान, जुबैलवर स्कड पडत असतानाही ती डागली गेली नाहीत. त्यांचा नेम फार ढोबळ होता, बगदादवर सोडली असती तर वस्तीतच पडली असती. मार खात असताना हात आवरणं हा मोठा निर्णय असतो, आणि तो घ्यायला वेळ मिळाला म्हणूनच घेता आला.

दुसरी लवचिकता मला यादीतून नावं वगळण्याची वाटते. तिचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच उपखंडात आहे आणि त्याची आपण पुरेशी दखल घेत नाही. 31 डिसेंबर 1988 रोजी इस्लामाबादमध्ये, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, भारत-पाकिस्तानने करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. दर 1 जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत यादी दिली गेली. सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असताना, 2002 मध्ये दिली गेली. पुलवामा आणि बालाकोटनंतरही दिली गेली. 2025 च्या जानेवारीत ती चौतिसाव्यांदा दिली गेली. ज्यांना एकमेकांशी क्रिकेट खेळणं अवघड जातं ते दोन देश ही एक गोष्ट न चुकता करतात. हा करार अमलात आला 27 जानेवारी 1991 रोजी. त्याच दिवसांत कुवेतच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या तेलाचा तवंग जुबैलच्या दिशेने सरकत होता. तिथल्या गोड्या पाण्याच्या प्रकल्पात पाणी घेण्याच्या तोंडाशी तरंगते बांध घालण्याची धावपळ चालू होती, आणि तेलाचा ओघ थांबवण्यासाठी 26-27 जानेवारीच्या रात्री अमेरिकी विमानांनी नळांच्या जोडणीवर बाँब टाकले. प्रकल्प वाचला. तो वाचवण्यासाठी मात्र कोणताही करार कुणाच्या हाती नव्हता.

आज परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. जुबैलपासून आखातापलीकडे अडीचशे किलोमीटरच्या आत इराणचं बुशेहर अणुवीज केंद्र आहे. जून 2025 मध्ये इराणच्या फोर्दो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब पडले. बुशेहरला धक्का लागला तर ज्या समुद्राचं पाणी जुबैल पितं त्याच समुद्रात किरणोत्सार मिसळेल, ही भीती आखातातल्या सरकारांनी जाहीरपणे बोलून दाखवली. त्यानंतर 17 सप्टेंबर 2025 रोजी रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला, एकावरचा हल्ला तो दोघांवरचा मानला जाईल असा. त्यात अण्वस्त्रांचं छत्र आहे का, याविषयी पाकिस्तानच्या मंत्र्यांची विधानं आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला गेली. त्या अनिश्चिततेखाली जुबैलमध्ये आपल्या तालुक्यातला माणूस रात्रपाळी करतो आहे.

म्हणून दिल्लीकडून मी दोन गोष्टी मागतो. पहिली, 1988 च्या करारात दुरुस्ती करून पिण्याच्या पाण्याचे मोठे प्रकल्प, मोठी धरणं आणि दाट वस्तीतले तेल व रसायनांचे कारखाने यांची नावं यादीत घालण्याची बोलणी सुरू करावीत. तसा प्रस्ताव द्यायला संबंध सुधारण्याची वाट पाहायची गरज नाही. यादी तर तणावाच्या दिवसांतही दिली गेली आहे. दुसरी, रियाध आणि तेहरान या दोन्ही राजधान्यांत आपला शब्द अजून ऐकला जातो. आखातात सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. अणुवीज केंद्रं आणि गोड्या पाण्याचे प्रकल्प कोणत्याही लढाईत लक्ष्य होणार नाहीत, असं आखाताच्या दोन्ही काठांनी एकमेकांना लेखी द्यावं, हा आग्रह भारताने त्यांच्या वतीने धरावा. त्या यादीत पहिली दोन नावं कोणती असावीत याबद्दल माझ्या मनात शंका नाही: बुशेहर आणि जुबैल.